'सिंगिंग इन द रेन': सत्तरी ओलांडली, तरी हा माणूस अजून भिजतोच आहे

पागोळी

बाबांना आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. परवा पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तो भिजणारा लाव." आमच्या घरात तो भिजणारा म्हणजे जीन केली, आणि पिक्चर 'सिंगिंग इन द रेन'.

नेमकी श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली. मेडिकलवाला पाऊस थांबल्याशिवाय पोऱ्याला पाठवणार नव्हता. बाबा म्हणाले, राहू दे, मला पाठ आहे. मग मीही आवाज पूर्ण बंद केला. म्हटलं बघू तरी त्यांना काय दिसतं ते.

आणि इतक्या वर्षांत न दिसलेलं दिसलं. नायिकेला दारापाशी सोडून तो थांबलेल्या गाडीवाल्याला हातानेच 'जा तू' म्हणतो. हातात उघडी छत्री. थोडं चालतो आणि ती मिटून टाकतो. तिथून पुढे ती छत्री पाऊस अडवण्याचं काम सोडून बाकी सगळी कामं करते. नाचातली जोडीदारीण होते, कुंपणाच्या गजांवरून खडखडवायची काठी होते. दिव्याच्या खांबावर तो चढतो, पन्हाळीखाली तोंड धरून उभा राहतो, एक पाय फुटपाथवर आणि एक गटाराच्या कडेच्या पाण्यात असा लंगडत नाचतो, आणि शेवटी सगळी रीतभात सोडून डबक्यात थयाथया उड्या मारतो. मग मागे पोलीस येऊन उभा. तेव्हा त्याचे खांदे कसे उतरतात बघा. शाळेच्या पटांगणात मास्तरांनी पकडल्यावर उतरायचे अगदी तसे. बाबा दरवेळी तिथेच हसतात. परवाही हसले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५२चा एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा चित्रपट, दिग्दर्शक जीन केली आणि स्टॅनली डोनन. गोष्ट १९२७च्या हॉलिवूडमधली. डॉन लॉकवूड (हाच तो भिजणारा) आणि लीना लॅमाँट ही मूकपटांची लाडकी जोडी. 'द जॅझ सिंगर' येतो, बोलपटाचं वेड लागतं आणि यांचा चालू असलेला मूकपट घाईघाईने बोलका करायचं ठरतं. पण लीनाचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मग कॅथी नावाच्या धडपडणाऱ्या पोरीचा आवाज लीनाच्या तोंडी घालायचा. पुढचं पाहा.

तर मला पडलेला प्रश्न असा. हा अख्खा सिनेमा आवाजाबद्दल आहे, आणि आवाज काढून घेतला तरी तो जागचा हलत नाही. मग तो टिकलाय तो नक्की कशावर? गाण्यांवर? नाचावर? का नुसत्या आपल्या आठवणींवर?

चिवडामास्तर

पहिला नंबर माझा! छान धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक जनरल नॉलेज: त्या गाण्यात पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं. त्या काळात आपल्याकडे बाटलीबंद दुधाला रांगा लागत असतील आणि हे लोक रस्त्यावर ओततायत.

जुनी_रिळं

मास्तर, दुधाची गोष्ट लोणकढी आहे, आणि लोणकढी म्हणजे तरी निदान दुधाचंच. पडलं ते साधं नळाचं पाणी. छायालेखक हॅरल्ड रॉसन याने दिवे पाण्याच्या मागून लावले. पाऊस समोरून उजळला तर कॅमेऱ्याला दिसत नाही, पाठीमागून प्रकाश आला की प्रत्येक धार चमकते. खिडकीत उभे राहून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा, पाऊस दिव्याभोवतीच दिसेल.

ते गाणं कल्व्हर सिटीतल्या एमजीएमच्या आवारात कायमच्या उभ्या असलेल्या नकली रस्त्यावर झालं. रात्र दाखवायची म्हणून अख्ख्या रस्त्यावर काळी ताडपत्री ताणली होती. वर फवाऱ्यांचे पाइप. डबकी पावसाने झालेली नाहीत, नाचाच्या पावलांप्रमाणे माप घेऊन फरशीत खड्डे खणलेत. केलीच्या अंगात तेव्हा १०३ ताप होता आणि अंगावर लोकरीचा सूट, तो भिजून भिजून आटत चाललेला. संध्याकाळ झाली की गावातले लोक घरी येऊन बागेला पाणी घालायचे, त्यामुळे सेटवरच्या पावसाचा जोर कमी व्हायचा. पुण्यातल्या पेठांत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि तुमच्या प्रश्नाबद्दल. गाणी हे उत्तर असेल असं मला वाटत नाही, कारण एखाद-दुसरं सोडलं तर गाणी या सिनेमासाठी लिहिलेलीच नव्हती. निर्माता आर्थर फ्रीड हा मूळचा गीतकार. त्याने आणि नॅसिओ हर्ब ब्राऊनने १९२९च्या सुमारास आणि पुढच्या दशकात केलेली गाणी एमजीएमच्या कपाटात पडून होती. शीर्षकगीत १९२९च्या 'द हॉलिवूड रेव्ह्यू'मध्ये येऊन गेलं होतं. फ्रीडने बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला बोलावलं आणि सांगितलं, ही गाणी घ्या, त्यांच्याभोवती गोष्ट विणा. म्हणजे आधी गुंड्या, मग सदरा. त्या दोघांनी डोकं असं लढवलं की ही गाणी ज्या काळातली, त्याच काळात गोष्ट न्यायची. तो काळ म्हणजे मूकपटाचा शेवट. तिथे सदरा अंगाला बसला.

तिरकस

आनंदात मिठाचा खडा टाकतो. हा सिनेमा मी दोनदा अर्धा पाहिलाय.

गाणी वापरलेली, गोष्ट गाण्यांना ठिगळ म्हणून लावलेली (हे जुनी_रिळं काकांनीच कबूल केलंय). 'मेक 'एम लाफ' हे एक 'नवं' म्हणून केलेलं गाणं, ते संगीतकार कोल पोर्टरच्या 'बी अ क्लाऊन'ची इतकी हुबेहूब नक्कल आहे की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. आणि ते 'बी अ क्लाऊन' कुठलं? १९४८च्या 'द पायरेट'मधलं. निर्माता हाच फ्रीड, नाचणारा हाच केली! नंतर अचानक गोष्ट थांबवून तेरा मिनिटांचा बॅले. का? तर आदल्या वर्षी 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मध्ये शेवटी मोठा बॅले होता आणि तो गाजला, म्हणून. ऑस्करनेही याला दोनच नामांकनं दिली आणि हातात भोपळा ठेवला.

नायक सतत दात दाखवतो. मला तो आवडत नाही. उगाच सगळे म्हणतात म्हणून थोर म्हणायचं का?

चिवडामास्तर

दोनदा अर्धा म्हणजे एकदा पूर्ण झाला की. गणित बरोबर आहे ना?

तिरकस

दोन्ही वेळा पहिलाच अर्धा.

घुंगरू_आणि_बूट

तिरकस, दात सोडा, पाय बघा :)

मी कथक शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला नव्या मुलींना यातला 'मोझेस सपोजेस'चा तुकडा दाखवते. डिक्शन शिकवायला आलेला मास्तर एक जीभ वळवणारं वाक्य म्हणायला लावतो. डॉन आणि त्याचा मित्र कॉस्मो (डॉनल्ड ओ'कॉनर) ते आधी तोंडाने म्हणतात, मग त्यातल्या अक्षरांची फोड करतात, मग खुर्च्या-टेबलं, पडदे, मास्तर, सगळ्यांना नाचात ओढतात आणि तेच बोल पायांत उतरतात. आता सांगा, ही पढंत नाही तर काय आहे? आधी बोल तोंडाने, मग तेच पायाने. माझ्या मुलींना हे दाखवल्यावर तत्काराला (पायांच्या रियाजाला) कंटाळत नाहीत, निदान आठवडाभर.

दुसरं म्हणजे कॅमेरा. केलीचा हट्ट असायचा की नाचणारा डोक्यापासून बुटापर्यंत फ्रेममध्ये हवा. आता आपल्याकडे रिअॅलिटी शोमध्ये दर सेकंदाला कट: चेहरा, परीक्षक, आई रडतेय, पुन्हा चेहरा. पाय कुठे आहेत तेच कळत नाही. पावसाच्या गाण्यात मोजून थोडेच शॉट आहेत. तो रस्त्याच्या मध्ये येऊन छत्री समोर धरून गोल फिरतो तेव्हा कॅमेरा वर जातो, मोकळा होतो. तिथे कापलं असतं तर मजा गेली असती. पागोळी, आवाज बंद करूनही तुम्हाला दिसलं ते यामुळे.

आता एक चहाडी. टॅपच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या असतात. पण पावसात भिजलेल्या रस्त्यावर त्यांचा स्वच्छ आवाज कुठून मिळणार? तो सगळा ठेका नंतर स्टुडिओत वेगळा वाजवून जोडलाय. म्हणजे बाबांना ऐकू आला नाही तो आवाज तसाही त्या पावसातला नव्हताच.

पागोळी

घुंगरूताई, पढंतीची गोष्ट बाबांना कागदावर लिहून दाखवली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवलीय. बॅटरी आली हो आज. पण आता टीव्हीचा आवाज इतका मोठा लावतात की कान आमचे जायची वेळ आलीय.

घुंगरू_आणि_बूट

:) आणि मी मेहनतीचं लिहायचं राहिलंच. डेबी रेनॉल्ड्स, म्हणजे कॅथी, तेव्हा एकोणीस वर्षांची. नाच शिकलेली नव्हती, जिम्नॅस्टिक्स यायचं. दोन्ही बाजूंना केली आणि डॉनल्ड ओ'कॉनर, म्हणजे दोन्हीकडे लहानपणापासून घोटलेले लोक. केली तिला इतका टाकून बोलायचा की एकदा ती पियानोखाली बसून रडत होती. तिथे तिला नामांकित नर्तक-नट फ्रेड अॅस्टेअर भेटला. त्याने तिला स्वतःची तालीम बघायला नेलं. घाम कसा येतो आणि चिडचिड कशी होते ते दाखवायला. 'गुड मॉर्निंग' गाण्याचं चित्रीकरण सकाळी सुरू झालं ते रात्रीपर्यंत, शेवटी पायांतून रक्त आलेलं. तिने पुढे सांगून ठेवलंय, आयुष्यात सगळ्यात अवघड दोनच गोष्टी, हा सिनेमा आणि बाळंतपण. केलीनेही नंतर आपण वाईट वागलो हे मान्य केलं.

आणि आता ते गाणं पुन्हा बघा. तिघं सोफ्यावरून उडी मारून तो उलटा करतात आणि हसत लोळतात. ती पोरगी हसतेय ना, ते त्या दिवसाच्या शेवटाचं हसू आहे. मला वर्गात मुलींना हे सांगावं का नाही ते कळत नाही. सांगितलं तर वाटतं मी त्या केलीची बाजू घेतेय. नाही सांगितलं तर त्यांना वाटतं असं हसू आपोआप येतं.

शेवग्याची_शेंग

नका सांगू. किंवा सांगा, पण 'मारकुट्या मास्तरामुळेच विद्या येते' हे त्यातून निघू देऊ नका. आमच्या पिढीने ते खूप ऐकलं.

मी आले वेगळ्या कामाला. लीनाची वकिली करायला.

सगळा सिनेमा त्या बाईला हसतो. मूर्ख, कर्कश, गर्विष्ठ. पण गोष्ट तिच्या बाजूने सांगून बघा. बाईने एवढी वर्षं स्टुडिओला पैसा मिळवून दिला. स्टुडिओनेच तिला सांगितलं की डॉन तुझा प्रियकर, मासिकात तसं छापून आणलं, आणि तिने ते खरं मानलं तर ती वेडी. स्टुडिओनेच सांगितलं की सभेत बोलू नकोस, आम्ही बोलू. मग एक दिवस माइक आणला आणि म्हणाले आता बोल. करारपत्र वाचून स्टुडिओच्या मालकाला अडचणीत आणणारी या सिनेमात एकटी तीच आहे! आणि शेवटी भर सभेत तिच्या मागचा पडदा ओढणारे तीन पुरुष. टाळ्या.

जीन हेगनने ही भूमिका इतकी अचूक केलीय की ती बाई मूर्ख वाटते. बघत राहा, डोळ्यांत भीती आहे. माइक झुडपात लपवलाय, ती मान वळवते की आवाज गायब. मग माइक कपड्यांत शिवतात तर छातीचे ठोके ऐकू येतात. सगळे हसतात. मला त्या प्रसंगात दर वेळी पोटात खड्डा पडतो. पन्नाशीला ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा आमच्या टेबलाजवळ उभं राहून पोरंटोरं अशीच हसत होती.

तिरकस

हे मात्र पटलं. दुसरा अर्धा भाग पाहायचं एक कारण मिळालं.

लूपवाला

इथे फक्त वाचत असतो. हा धागा बघून लॉगिनचा पासवर्ड शोधून काढला.

मी डबिंग आर्टिस्ट. कार्टून, जाहिराती, दक्षिणेकडच्या सिनेमांचे आवाज, असं सतरा वर्षं. एक लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा तुकडा) लागतं, पडद्यावर ओठ, कानात मूळ आवाज, हातात कागद. आम्ही ओठांना बघून बोलतो, अर्थाला बघून नाही. समोरच्याचे ओठ मिटले की आपल्याकडे प, ब, भ, म यांतलं काहीतरी पाहिजे, मग वाक्य तसं वळवायचं. 'नाही' म्हणायचंय आणि ओठ मिटलेत? 'मुळीच नाही' म्हणा. हा आमचा स्वयंपाकघरातला मसाला.

म्हणून या सिनेमातला प्रीमियरच्या आधीच्या खेळाचा प्रसंग मला कळसाचा वाटतो. आवाज तबकडीवर, चित्र फिल्मवर, दोन वेगळी यंत्रं. त्यांची जोडी सुटते आणि नकारार्थी मान हलवणाऱ्या लीनाच्या तोंडून खलनायकाचा जाड आवाज 'हो हो' म्हणतो, आणि तो खलनायक होकारार्थी मान डोलावत तिच्या आवाजात 'नाही नाही' म्हणतो. हे विनोदासाठी रचलेलं असलं तरी भीती खरी होती. सुरुवातीच्या तबकडीवाल्या बोलपटांत सुई घसरली की असंच व्हायचं.

आता माझी आवडती गोष्ट. सिनेमात कॅथी माइकसमोर उभी राहून लीनाचे संवाद बोलते. गोड, सुसंस्कृत आवाज. तो आवाज कुणाचा माहितीय? डेबी रेनॉल्ड्सचा नाही. तो जीन हेगनचाच! लीनाचं काम करणाऱ्या बाईचा खरा आवाज छान, भारदस्त होता. म्हणजे कॅथी लीनाला आवाज देते असं दाखवलंय, आणि खरं तर लीनाच कॅथीला आवाज देतेय. आणि त्याच ठिकाणी येणारं 'वुड यू' गाणं? तेही डेबीचं नाही. बेटी नॉईस नावाच्या गायिकेचं. तिचं नाव श्रेयनामावलीत नाही.

पुन्हा वाचा. पडद्यामागे गाणाऱ्या मुलीला तिचं नाव मिळायलाच हवं, हे सांगणारा सिनेमा. त्यात पडद्यामागे गाणाऱ्या बाईचं नाव नाही.

मी एका मोठ्या मालिकेत साडेतीन वर्षं एका मुख्य पात्राचा आवाज होतो. कुठली ते नको. पाटी एवढ्या वेगाने वर जायची की माझ्या आईने एकदा टीव्हीचा फोटो काढून ठेवला आणि मोठा करून बघितला. नव्हतं.

चिवडामास्तर

लूपवाले, इथे विनोद करणार होतो, पण राहू दे. आईंना नमस्कार सांगा.

कैरी

मी अजून पाहिलेला नाही, पण एक बाळबोध प्रश्न. नायिकेसाठी दुसरी गायली तर यात फसवणूक कसली? आपल्याकडे नर्गिस, मधुबाला कुठे गात होत्या? सगळ्यांना माहीत असतं. मग क्लायमॅक्सला पडदा उघडून एवढा गहजब का?

जुनी_रिळं

कैरी, प्रश्न बाळबोध नाही, नेमका आहे. मी थोडा पाल्हाळ लावतो.

आपल्याकडे हीच गोष्ट १९३१ साली घडली. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' १४ मार्चला गिरगावच्या मॅजेस्टिकला लागला. स्टुडिओच्या बाजूने रेल्वे जायची म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर. माइक लपवलेले, वाजवणारे झाडांच्या आड लपवलेले. लीनाच्या झुडपातला माइक आठवतोय ना? आणि नायक कोण? मास्टर विठ्ठल. आपला मराठी गडी, मूकपटातला तलवारबाज, स्टुडिओशी करारावरून भांडण झालं तेव्हा त्याची केस लढवायला बॅरिस्टर जिना होते आणि जिंकला. पण बोलपटात हिंदुस्थानी संवाद त्याच्या जिभेवर बसेनात. मग पटकथेत त्याला बराच वेळ गुंगीत ठेवला! पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक जवळपास मुका. कॉम्डेन आणि ग्रीन यांना हे कळलं असतं तर त्यांनी उचललंच असतं.

तिकडे सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. मूळच्या पुण्याच्या, मूकपटांची सर्वांत मोठी तारका. सिनेमात येण्याआधी काम काय, तर टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर बोलण्याचंच काम. तरीही बोलपट आल्यावर हिंदुस्थानीसाठी थांबून भाषा शिकून यावं लागलं. त्या शिकल्या, परत आल्या आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या केल्या. शेवग्याची शेंग, तुमची लीना आपल्याकडे हरली नाही असं समजा. १९७३चं फाळके पारितोषिक त्यांना मिळालं.

मराठीत हा धक्का कमी बसला, कारण संगीत नाटकाने गळे तयार करून ठेवले होते. १९३२च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे स्वतःच गातात. पण ठराविक गाणारेच किती दिवस नट म्हणून चालवायचे? १९३५ला न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'पासून पार्श्वगायन सुरू झालं आणि मग आपण त्याला फसवणूक म्हणणं सोडूनच दिलं.

तिकडे तसं झालं नाही. हॉलिवूडमध्येही दुसऱ्याचा आवाज सर्रास वापरत, पण गुपचूप. प्रेक्षकाला सांगायचं नाही. म्हणून तिथे पडदा उघडणं हा स्फोट. आपल्याकडे पडदा उघडून लताबाई दिसल्या असत्या तर प्रेक्षकांनी उठून नमस्कार केला असता.

लूपवाला

काका, नमस्कार केला असता हे खरं, पण सुरुवातीला आपणही नाव दिलं नव्हतं. १९४९च्या 'महल'चं ते प्रसिद्ध गाणं रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिकेचं नाव 'कामिनी' होतं. पात्राचं नाव! लोक रेडिओवर विचारायला लागले, कोण ही कामिनी? आणि फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला १९५९ साली, पहिला लताबाईंनाच. तोही वाद घातल्यावर.

म्हणजे फरक एवढाच. तिकडे मागे कुणी आहे हेच लपवलं. आपण मागे कुणी आहे हे मान्य केलं आणि तिचं नाव लपवलं. बेटी नॉईस आणि कामिनी, दोघी एकाच चाळीतल्या.

तिरकस

अरे बापरे, मी हलकंफुलकं भांडायला आलो होतो.

ठीक. माझा मुद्दा थोडा बदलतो. हा सिनेमा लबाडी पकडतो म्हणून थोर नाही, कारण तो स्वतः तीच लबाडी करतो हे आता सिद्ध झालं. पाऊस खोटा, रात्र खोटी, ठेका नंतरचा, आवाज तिसरीचा, गाणी जुनी, एक चोरीचं. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून खऱ्या निघाल्या त्या दोनच गोष्टी: ताप आणि रक्त.

घुंगरू_आणि_बूट

+१. आणि हेच मला लिहिता येत नव्हतं. शरीराला डबिंग नाही. ओ'कॉनर भिंतीवर धावत जाऊन उलटी कोलांटी मारतो ना 'मेक 'एम लाफ'मध्ये, ते दुसऱ्या कुणाकडून करून घेऊन नंतर जोडता येत नाही. (हो, गाणं चोरीचं. नाच नाही.) तो तेव्हा दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचा. ते गाणं करून अंथरुणाला खिळला. परत आला तर सांगितलं, फिल्म खराब झाली, पुन्हा करा. पुन्हा केलं.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), बॅले सोडून देऊ नका तिरकस. त्यात नर्तकी सिड चॅरिस आहे. एकही संवाद नाही, आवाजाचा प्रश्नच नाही. हिरव्या पोशाखात नुसता पाय लांब करते आणि टोकावर केलीची हॅट अडकलेली. आणि पुढे ती लांबच लांब पांढरी ओढणी, मोठे पंखे लावून हवेत उडवलेली. तिथे मी तरी गोष्टीची पर्वा करत नाही.

तिरकस

गोष्ट थांबवून नाच दाखवला तर तो नाच कितीही चांगला असो, गोष्ट थांबलेलीच असते. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

चिवडामास्तर

तिरकस यांचं तिसरं हेमाशेपो या महिन्यातलं.

पागोळी

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या हातातून कधीच गेलाय आणि मला ते आवडतंय.

बाबांना काल विचारलंच, तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात? म्हणाले, धोबीतलावला मेट्रोत. ते थिएटर एमजीएमनेच १९३८ साली बांधलेलं, त्यामुळे त्यांचे पिक्चर तिथे लागायचे. बाबा तेव्हा शाळेत. इंग्रजी अक्षरही कळत नव्हतं असं म्हणाले. मामाने नेलं होतं, खुर्ची एवढी मऊ की त्यात बुडालो, आणि थंडगार हवा. बोलणं काही कळलं नाही, गाणी कळली नाहीत. "तो भिजत होता ते कळलं."

मला तेव्हा लक्षात आलं, बाबांनी पहिल्यांदाही तो मूकपटच पाहिला होता.

शेवग्याची_शेंग

पागोळी, खिशातल्या त्या कागदाशेजारी हेही लिहून ठेवा.

जुनी_रिळं

मेट्रोच्या खुर्च्यांबद्दल अनुमोदन.

मघाशी तिरकस यांनी ऑस्करचा भोपळा काढला, त्याचं राहिलं होतं. १९५२च्या मार्चमध्ये 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'ला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, आणि हा चित्रपट त्याच सुमारास लागला. स्टुडिओने ऑस्करवाला पुन्हा पुढे केला आणि हा मागे पडला. पैसे कमावले त्याने, पण 'बरा करमणुकीचा' इतकंच. नाव हळूहळू वर आलं. २००६ला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या संगीतपटांच्या यादीत पहिला, आणि 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२च्या समीक्षकांच्या कौलात दहावा. तोवर मूळ निगेटिव्ह १९७८च्या आगीत जळूनही गेली होती. आपण बघतो ते उरलेल्या प्रतींवरून पुन्हा उभं केलेलं. तिरकस, तुमच्या खोट्याच्या यादीत हेही टाका.

कैरी

धागा वर काढतेय. काल रात्री पाहिला, आईबरोबर. लॅपटॉपवर, इंग्रजी सबटायटल लावून, मी मधूनमधून थांबवून सांगत होते. थोड्या वेळाने आई म्हणाली, थांबवू नकोस, कळतंय.

आई पावसात हसली, सोफ्यावर हसली, लीनाला सर्वांत जास्त हसली (सॉरी शेंगताई). मग क्लायमॅक्स. लीना पुढे ओठ हलवतेय, मागे कॅथी गातेय, तिघं दोर ओढायला लागले. मी आईकडे बघत होते. काका म्हणाले तसंच झालं. आई म्हणाली, "यात काय एवढं? मागे गाणारी असतेच की."

पडदा वर गेला, लोक हसले, कॅथी पळत सुटली. डॉन ओरडून सगळ्यांना सांगतो की आज जिचा आवाज ऐकलात ती ही मुलगी, आणि तिचं नाव घेतो. तेव्हा आई म्हणाली, "हां. नाव सांगितलं ते बरं केलं."

मी तिला बेटी नॉईसचं सांगितलं नाही. उद्या सांगेन.

बॅले मात्र पुढे पळवला. घुंगरूताई, माफी. हॅटपर्यंत पाहिला होता.